भिशीचे पैसे आणि ड्यूकचं घर

“काकू, ऐकलं का? आल्या चौघी.”

“कोण चौघी गं?”

“भिशीवाल्या! मॅडम, पोस्टातल्या ताई, नर्सबाई आणि कापडवाल्या भाभी. इंग्लंड बघून आल्या.”

काकूंनी निवडायला घेतलेली मेथी तशीच भिंतीवर ठेवली. आमच्या दोन घरांमधली कंपाउंडची भिंत छातीपर्यंत येते, आणि गल्लीचं निम्मं राजकारण तिच्यावर कोपरं टेकूनच होतं.

“आल्या म्हंजी भांडून आल्या असतील. चार बाया एका खोलीत, त्यात परका मुलूख. माह्या जावा काशीला गेल्या होत्या, त्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत.”

“भांडल्या की. पण ते मागून सांगते. आधी पैशाचं ऐका. कंपनीच्या टूरचा आकडा ऐकून भाभी म्हणाल्या, एवढ्यात आमच्या दुकानाचा दिवाळीचा माल भरतो. मग ताईंनी डोकं चालवलं. भिशी उचलायचीच नाही! तीन-चार वर्षं चौघींनी हात लावला नाही, सगळी रक्कम एका खात्यात. पोस्टात जन्म गेलेली बाई, तिला बचत कुणी शिकवावी?”

“आणि ऱ्हायल्या कुठं?”

“नर्सबाईंची लेक लेस्टरला नर्स आहे ना. मुक्काम तिच्याकडं, आणि तिथून गावोगाव. तरी व्हिसा आणि विमान यातच निम्म्याहून जास्त पैसा गेला. मुंबईपर्यंत आपली वंदे भारत होती म्हणून बरं. पाउंड शंभर रुपयांच्या पुढं, त्यामुळं उतरल्यापासून भाभींचं गुणणं सुरू. केळं दिसलं की गुण शंभरानं, चहा दिसला की गुण शंभरानं. शेवटी ताई म्हणाल्या, भाभी, असं गुणत बसलात तर उपाशी मराल.”

“खायला नेलं नव्हतं का काही?”

“नेलं तर! धपाटे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. पण धपाट्यात दही घातलं नाही. दुधाचा पदार्थ आपल्याकडून तिकडं नेताच येत नाही, मांसही नाही. भाभींनी पेढ्यांचा पुडा भरला होता, तो नर्सबाईंनी घरीच काढून ठेवला. तो कुणी खाल्ला ते मला विचारू नका.”

काकू हसल्या. “बरं, लेस्टरला बघायसारखं काय आहे?”

“राजा. पार्किंगखाली सापडलेला.”

“कायच्या काय सांगती!”

“खरंच. तिसरा रिचर्ड. १४८५ साली लढाईत मेला, आणि पुरला ती जागा पुढं हरवूनच गेली. २०१२ साली पालिकेचं पार्किंग खणलं, तर खाली सांगाडा! पाठीचा कणा वाकडा, कवटीवर घाव. त्याच्या बहिणीच्या वंशातली आजची माणसं शोधून डीएनए जुळवला, आणि २०१५ साली तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरला, मानापानासकट.”

“म्हंजी एवढी वर्षं लोक राजाच्या छातीवर गाड्या लावत होते?”

“हो ना. नर्सबाई म्हणाल्या, जालन्यात खणलं तर काय काय निघेल! ताई म्हणाल्या, आधी जालन्यात पार्किंग तर होऊ द्या.”

काकूंनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. ऐकायचं मनापासून असलं की त्यांचे हात आपोआप चालू होतात.

“मग एका गावाहून दुसऱ्या गावाला कशा गेल्या? तिकडं बायांना अर्धं तिकीट असतंय का?”

“नाही हो. बाईमाणूस म्हणून सवलत काहीच नाही. आपल्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून मिळतंय तसले लाड तिकडं कुणी करत नाही.”

“मग कसलं इंग्लंड!”

“पण दुसऱ्या युक्त्या आहेत. नर्सबाईंच्या लेकीनं सगळ्या लिहून दिल्या होत्या. रेल्वेचं तिकीट बरंच आधी काढलं तर स्वस्त, ऐनवेळी खिडकीवर गेलात तर डोळे पांढरे. तिघी किंवा जास्त मिळून गर्दी नसलेल्या वेळेला निघालं तर बऱ्याच गाड्यांना एक तृतीयांश पैसे कमी. आणि साधी बस असेल तर लंडन सोडून बहुतेक ठिकाणी एका खेपेला तीन पाउंडांच्या वर घेतच नाहीत, गाव जवळ असो की लांब. सरकारनंच तशी मर्यादा घातलीय.”

“तीन म्हंजी तीनशेच्या वर झाले की.”

“तुम्ही पण गुणायला लागलात!”

मग यॉर्क आलं. मॅडम इतिहासाच्या, त्यामुळं यॉर्कचं नाव निघालं की त्यांचा आवाजच बदलतो. गावाला जुना तट आहे, त्यावरून चालता येतं. सगळा फेरा तीन-साडेतीन किलोमीटरचा, वरून गाव दिसतं, आणि तिकीट नाही. चौघींनी सकाळी सकाळी निम्मा तट चालून घेतला. निम्माच, कारण ताईंचे गुडघे. त्यानंतर रेल्वेचं मोठं संग्रहालय, तेही फुकट. तिकडच्या राष्ट्रीय संग्रहालयांचं प्रवेशशुल्क इंग्रजांनी २००१ साली काढूनच टाकलं म्हणे.

“आणि तिथलं मोठं चर्च, यॉर्क मिन्स्टर. त्याला मात्र चांगलं जाडजूड तिकीट. चौघी दारात उभ्या राहून हिशोब करतायत, तर नर्सबाईंना लेकीचा कागद आठवला. संध्याकाळच्या प्रार्थनेला जो येईल त्याला आत सोडतात, पैसे घेत नाहीत. मग काय, संध्याकाळी पदर सावरून चौघी पहिल्या ओळीत! पोरांचं गाणं ऐकलं. पूर्वेकडची काचेची खिडकी मात्र लांबूनच बघितली. १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत एका कारागिरानं आणि त्याच्या हाताखालच्यांनी ती केली, मॅडमना नावासकट पाठ.”

“आपल्याकडं देवाच्या दारात तिकीट घेतलं असतं तर लोकांनी बोंब मारली असती.”

“आपल्याकडं पण व्हीआयपी पास असतात, काकू.”

“ते व्हय. बरं, भांडण कुठं झालं?”

“तिथंच, यॉर्कला! तिथं शॅम्बल्स म्हणून एक गल्ली आहे. जुनी लाकडी घरं, वरचे मजले इतके पुढं आलेले, की समोरासमोरच्या खिडकीतून हात मिळवता येईल. भाभींना ती फार आवडली. फोटोवर फोटो. मॅडम गालात हसत होत्या. शेवटी गल्ली संपल्यावर सांगितलं, भाभी, ही खाटिकांची गल्ली होती, दुकानांवर अजून मांस टांगायचे आकडे आहेत ते दिसले नाहीत का?”

“अगं आई गं! भाभी तं कांदा-लसूण पण खात नाहीत.”

“म्हणूनच सांगतेय. भाभींचं डोकं फिरलं. त्या तडक समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसल्या. ते दुकान साधं नव्हतं, पांढरे मेजपोश आणि तीन मजली ताटली, तसलं. चहा आणि केक घेतला, दमल्या जिवाला बरं वाटलं, आणि बिल आलं ते ताईंच्या पुढं सरकवलं. हिशोबाची वही ताईंकडं. ताई म्हणाल्या, हे सामायिकात धरता येणार नाही, हा खासगी खर्च. भाभी म्हणाल्या, मला खाटिकाच्या गल्लीत फिरवलं तो खर्च कुणाचा?”

काकूंना हसू आवरेना. “बरोबर आहे की तिचं!”

“रात्रभर अबोला. दुसऱ्या दिवशी ताईंनी निम्मे सामायिकात धरले, निम्मे मॅडमच्या नावावर टाकले. कारण गल्लीत नेलं मॅडमनी! मॅडमनी एक शब्द न बोलता दिले. पण मला म्हणाल्या, प्रवासाला जाताना मैत्रिणी कशाही चालतील, वही लिहिणारी मात्र कडक पाहिजे. ताईंमुळं पैसे पुरले.”

हे मात्र मला पटलं. ताईंचे नियम एकेक ऐकण्यासारखे होते. पाणी नळाचं प्यायचं, तिकडं ते पिण्याजोगंच असतं. जेवण दुपारी मॉलमधल्या किराणा दुकानातून घ्यायचं. संध्याकाळी उशिरा त्याच दुकानात जायचं, कारण त्या दिवशी संपवायच्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून भाव पाडतात. मुक्काम करायचाच असेल तर ऑक्सफर्डला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घरी गेली की तिथली कॉलेजं त्यांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात, हॉटेलपेक्षा कमी पैशात, आणि सकाळी जुन्या भोजनगृहात नाश्ता.

“ऑक्सफर्डला काय केलं?”

“मॅडमना एक फाटक बघायचं होतं. सोमरव्हिल कॉलेजचं. तिथं नाशिकला जन्मलेली एक मुलगी शिकली, कॉर्नेलिया सोराबजी. ऑक्सफर्डला कायदा शिकणारी पहिली बाई. १८९२ साली परीक्षा दिली.”

“मग वकील झाली?”

“कुठली! बायांना पदवीच देत नव्हते तेव्हा. तिला पदवी दिली १९२२ साली.”

काकूंच्या बोटांतली काडी थांबली. “तीस वर्षं?”

“तीस वर्षं.”

“आणि आपल्याला सांगतेत, इंग्रज लई सुधारलेले.”

बाथचं गाव झटपट उरकलं, कारण तिथं पाऊस लागला. रोमन लोकांनी बांधलेलं गरम पाण्याचं स्नानगृह, पाणी शेहेचाळीस अंशाच्या आसपास, वाफ निघतेय, बाजूला दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड. तिकीट इतकं, की दोघींनी आत जायचं आणि दोघींनी बाहेर थांबायचं असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. भाभी आत गेल्या आणि टॉवेल बरोबर घेऊन गेल्या.

“टॉवेल कामून?”

“अंघोळीला! त्यांना वाटलं गरम पाणी आहे, एवढे पैसे घेतात, तर अंघोळ करू देत असतील. तिथं बोटही बुडवू देत नाहीत.”

“त्याच्यापरीस किनवटजवळ उनकेश्वरला गेली असती. गरम पाण्याची कुंडं हायती तिथं.”

“तेच भाभी म्हणाल्या.”

लंडन शेवटी ठेवलं होतं, आणि तिथं प्रत्येकीनं आपापली एक जागा सांगायची असा करार होता. नर्सबाईंनी किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर सांगितलं. १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं राहून शिकत होते. २०१५ साली आपल्या राज्य सरकारनं ते विकत घेऊन स्मारक केलं. नर्सबाई जिना चढताना रडल्या, हे मॅडमनी सांगितलं, त्यांनी स्वतः नाही. भाभींनी वाघनखं बघायची म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम सांगितलं. तिथं जाऊन कळलं की ती तर जुलै २०२४ मध्येच आपल्याकडं साताऱ्याला पाठवली, तीन वर्षांसाठी.

“म्हंजी वाघनखं बघायला सातारा सोडून लंडनला गेली!”

“मॅडमना माहीत होतं, पण बोलल्या नाहीत. यॉर्कचा चहा अजून मनात होता ना. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र बघायला मिळाला, इंग्रज शिपायाच्या नरड्यावर बसलेला. तेवढ्यावर भाभींचं समाधान झालं. ताईंनी कुठलीच जागा सांगितली नाही; पावणेदोन पाउंडांत लंडनच्या लाल बसमधून वरच्या मजल्यावर पुढं बसून फिरायचं, हीच त्यांची जागा.”

“आणि मॅडमची?”

“ॲप्सली हाउस. हाइड पार्कच्या कोपऱ्यावर. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं घर. तिथं तिकीट होतं, तरी मॅडमनी चौघींचं स्वतः काढलं.”

“कोण हा ड्यूक?”

“नेपोलियनला वॉटर्लूला हरवलेला. पण खरी मजा ऐका. जिन्यापाशी एक पांढराशुभ्र पुतळा आहे, दोन पुरुष उंचीचा. नेपोलियनचाच. आणि अंगावर सूतभर कपडा नाही!”

“शिव शिव!”

“एक पान तेवढं लावलंय. मोठ्या शिल्पकारानं केलाय, कॅनोव्हानं. नेपोलियनला स्वतःलाच तो आवडला नाही. पुढं इंग्रज सरकारनं विकत घेऊन ड्यूकला देऊन टाकला. ज्याला हरवलं त्याला असा उघडा जिन्याशी उभा केला. भाभी तोंडाला पदर लावून वर गेल्या म्हणे, आणि ताईंनी सावकाश सगळीकडून फिरून बघितला.”

काकू डोळे पुसायला लागल्या. “मॅडमला हे बघायचं होतं?”

“नाही हो. मॅडमना जेवणाची भांडी बघायची होती. दख्खनमधल्या त्याच्या अधिकाऱ्यांनी दिलेला संच आहे तिथं, चांदीचा, वर सोन्याचा मुलामा. कारण हा ड्यूक व्हायच्या आधी नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि त्याचं नाव झालं ते आपल्या इथं. असईला.”

काकूंचे हात थांबले. “कुठं?”

“असई. तुमच्या भोकरदनकडं.”

“असई मला सांगती व्हय? माह्या माहेराहून बैलगाडीनं जायचो आम्ही तिकडं. केळना नदीच्या पल्याड.”

“मग ऐका ना. १८०३ साल. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याचा जोडीदार स्टीव्हन्सन यानं आपल्या जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेला दोघं बदनापूरला भेटले आणि ठरवलं, की दोन वाटांनी जाऊन २४ तारखेला भोकरदनला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांवर तुटून पडायचं. पण २३ लाच वेलस्लीला कळलं, की मराठ्यांची फौज समोरच आहे. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेत. शंभराच्या आसपास तोफा, कवायती पायदळ, घोडदळ तर मोजता येईना. त्याच्याजवळ कवायती माणसं साडेचार हजारांच्या घरात. नदी उतरायची कुठून? वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही.”

“उतार नाही कसा? पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर हायती की!”

मी बघतच राहिले. “काकू, तुम्हाला कुणी सांगितलं? हेच त्यानं ओळखलं! दुर्बिणीतून बघितलं, तर नदीच्या दोन काठांवर दोन गावं. म्हणाला, समोरासमोर गावं आहेत म्हणजे मधून वाट असणारच. गेला, तर खरंच उतार.”

“यात कसलं डोकं? दोन काठांवर दोन गावं असली म्हंजी सोयरिकी असत्यात, बाजारहाट असतोय. नदी आड आली म्हणून लेकीबाळी माहेरी यायच्या थांबत्यात का? त्याला माह्या आजीनं सांगितलं असतं.”

“तर त्या उतारानं तो पलीकडं गेला आणि मराठ्यांच्या बगलेवर गेला. पण मराठ्यांच्या पायदळानं चट्कन तोंड फिरवलं. त्यांचा सेनापती पोलमन नावाचा जर्मन होता. तोफा अशा चालल्या, की इंग्रजांची दीड हजारावर माणसं मेली नाहीतर जखमी झाली. वेलस्लीच्या अंगाखालच्या दोन घोड्यांना घाव लागले. शिंदे-भोसले मैदानातून निघून गेले, तोफा मागं राहिल्या. अठ्ठ्याण्णव तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. म्हातारपणी त्याला कुणी विचारलं, तुझी सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला असं सांगतात.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मॅडमच्या घराकडं मान वळवली आणि आवाज मुद्दाम वाढवला.

“आणि ही बाई शाळेत पोरांना हीच लढाई शिकवीत होती ना? जल्मभर?”

“शिकवायच्या की.”

“मग असईला कवा गेली होती?”

आता मला खरं सांगायला पाहिजे होतं. मीही काल मॅडमना हेच विचारलं होतं. मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, कधीच नाही. जालन्याहून पन्नास-साठ किलोमीटर, राजूरला गणपतीच्या दर्शनाला तर दर अंगारकीला जातो, तिथून पुढं भोकरदन. पण असईचा फाटा कधी घेतला नाही. ड्यूकच्या जिन्यावर उभं असताना त्यांना पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

“मग वाटू दे की लाज. चांगलंय,” काकू म्हणाल्या. “मी काही इंग्लंडला जायला नको म्हणत नाही. पैसा साठवला, धपाटे नेले, हिशोब ठेवला, चौघी धडधाकट परत आल्या. बायांनी जावंच. पण त्याचं घर तिकीट काढून बघायचं आणि त्यानं आपली माणसं मारली ती जागा बघायचीच नाही, हे काही मला पटत नाही.”

“मॅडमनी ठरवलंय. येत्या २३ सप्टेंबरला भिशी असईला.”

“सप्टेंबरात नदीला पाणी असतंय. बूट घालू नका म्हणावं, चपला घाला.”

“तुम्ही येता?”

“मी नाही आले तर उतार कोण दाखवील? आणि मला तिकीट किती पडंल?”

“पंच्याहत्तरी झालीय तुमची. २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीत तुम्हाला तिकीटच नाही.”

“मग ताईला म्हणावं, वहीत माह्यापुढं शून्य लिही.”

जिल्ह्यातल्या बाकीच्यांनीही एकदा जाऊन यावं. जालन्याहून भोकरदनला एसटी आहे, वाटेत राजूरचा गणपती होतो, पुढं असईपर्यंत रिक्षा ठरवा आणि भाडं आधी बोलून घ्या. बायांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट. जाताना आधार कार्ड ठेवा, पाणी आणि डबा घरून न्या, आणि नदीपाशी गेल्यावर केळना कुठली आणि जुई कुठली ते गावातल्या एखाद्या म्हातारीला विचारा.